बांबूवरचं लुगडं

पूल झाला आणि करंजाहून खाडीपल्याड जायला पाच मिनिटं पुरायला लागली. काशिरामला मात्र तेवढ्यासाठी सतरा वर्षं लागली होती.

पल्याडच्या गावात त्याची थोरली बहीण मैना दिलेली. तिला माहेरी यायचं असलं की ती किनाऱ्यावरच्या बांबूला तांबडं लुगडं बांधायची आणि इकडून काशिराम होडी सोडायचा. लाँच असो नसो, बहिणीने भावाच्याच होडीतून यायचं, अशी आईने घालून दिलेली रीत. होडीवर नावही आईचंच होतं, भामा. पुढे मासळी वाळवायच्या जागेवरून भावाबहिणीत वाजलं, आणि त्याच पावसाळ्यात आई गेली. मयताच्या दिवशी लाँच बंद होती. पल्याड लुगडं सकाळपासून फडफडत होतं. वारा होता, पण काशिरामच्या हाताला भारी पडावा असा नव्हता. त्याने लुगडं पाहिलं आणि पाठ फिरवली. वर गावभर सांगत सुटला, "आईच्या मयताला पोटची पोर आली नाय!" चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

आता त्याच्या कोमलचं लग्न पनवेलच्या हॉलमध्ये ठरलं होतं. "आत्या आल्याशिवाय मी हळदीला बसणार नाय," पोरीने निक्षून सांगितलं. शेवटी थोरल्या मुलाने, शैलेशने, बापाला गाडीत घातलं आणि पुलावरून पल्याड नेलं.

मैनाने चहा दिला. काशिरामने कप खाली ठेवला. "बाय, चुकलो मी," तो म्हणाला. "लुगडं दिसलं होतं मला."

"माहीत हाय. मलापण तुझी होडी दिसत होती. बांधलेली."

काशिरामने मान खाली घातली. मग मैनाच म्हणाली, "येईन मी. पण गाडीतनं नाय. हळदीच्या सकाळी लुगडं बांधते. होडी घेऊन ये."

"येतो," तो बोलून गेला. खरं सांगायला जीभ रेटली नाही. पूल झाल्यावर, आता होडी कशाला, म्हणून त्याने ती विकून टाकली होती. खारघरच्या एका हॉटेलच्या दारात ती उभी होती, पोटात फुलझाडांच्या कुंड्या घेऊन. शैलेश तिथे दोनदा जाऊन आला. मालक द्यायला तयार होता, पण शोभेसाठी त्याने तिची एक बाजूच कापून काढली होती.

हळदीच्या सकाळी पल्याड लुगडं चढलं. काशिरामने शेजारच्या बुधाजीची होडी मागितली आणि पुलाखालून निघाला.

मैना नवी साडी नेसून गुडघाभर पाण्यात उभी होती. होडी जवळ आली तशी तिने पुढच्या टोकावर हात फिरवला, नाव शोधलं.

"आपली कुठंय?"

"इकली, बाय."

मैनाचे डोळे भरून आले. "दुसऱ्याच्या होडीत बसायचं असतं ना काशा, तर आईच्या मयतालाच आले असते. दोघं जण न्यायला तयार होते. मीच बसले नाय. म्हटलं, माझा भाऊ येईल."

काशिरामला रडू आवरेना. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण होडीत पाय ठेवला नाही. बांबूवरचं लुगडं सोडून तिने घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "कोमलला दे. आत्याची हळद समज, म्हणावं."

मांडीवर लुगडं घेऊन तो परत निघाला. पुलाच्या खांबांपाशी आल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. बहीण अजून पाण्यातच उभी होती आणि बांबू रिकामा होता.