चौथी खूण

मी एक कार्ड बोलतेय. पत्त्यांतलं नव्हे, वाढदिवसाचंही नव्हे. फिकट पिवळ्या जाड कागदाचं, बारा ओळींचं, ओळीला एकतीस चौकटी असलेलं, डोक्यावर ११७ हा आकडा छापलेलं कार्ड. व्याकरणाच्या पुस्तकाने मला नपुंसकलिंगात टाकलंय. पण दहा महिने एका बाईच्या कपाटात आणि पिशवीत काढल्यावर मी बाईसारखीच बोलणार. ज्याला खटकेल त्याने पान उलटावं.

माझ्या पाठीवर जांभळा शिक्का आहे, 'चुकीचे भरलेले'. तो मला मान्य नाही. तेवढ्यासाठीच तोंड उघडलंय.

माझा जन्म छापखान्यातला. आम्ही चारशे भावंडं एकाच दिवशी कापून, दोरा ओवून, दोऱ्याला बोटभर पेन्सिल बांधून तयार झालो. आम्हाला जन्माला घातलं ते दवाखान्याच्या मोठ्या सरांनी. त्यांच्याकडे एक नवं इंजेक्शन आलं होतं. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं, म्हणजे दिवस राहत नाहीत. ते बायकांच्या अंगात काय काय करतं, हे वर्षभर बघायचं होतं. त्यासाठी प्रत्येकीने रोज एका चौकटीत खूण करायची. डाग दिसला तर ठिपका, पाळी आली तर फुली, काहीच नसेल तर आडवी रेघ.

दोन बैठका आणि पुष्कळ चहा झाल्यावर सरांनी ठरवलं, की बाईच्या अंगात जे काही होऊ शकतं ते या तीन खुणांत मावतं. सर हुशार आहेत, हे मी नाकारत नाही. फक्त त्यांना स्वतःला कधी पाळी आलेली नाही.

मी जिच्या वाट्याला आले ती शर्टांच्या कारखान्यात काज पाडायच्या मशीनवर बसायची. सगळे तिला काजवालीच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. वय एकोणतीस, पदरी दोन मुली. धाकटीच्या वेळी इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बाहेर बोलावून बजावलं होतं, "तिसऱ्याचा विचारही करू नका. हिच्या जिवावर बेतेल." गोळ्या ती विसरायची. तांबी बसवली तर रक्त आणखी जाईल, म्हणून ती नको. ऑपरेशन करायचं तर अंगात रक्त भरेपर्यंत थांबा. आणि रक्त काही भरेना. म्हणून हे इंजेक्शन म्हणजे तिला बुडत्याला काडीचा आधार वाटलं. अभ्यासाच्या कागदावर तिने सही केली ती पेन मोडेल इतक्या जोरात.

घरी तिने मला कपाटाच्या दाराला आतून टांगलं. रोज संध्याकाळी कपडे बदलताना ती दार उघडायची, खूण करायची, दार लावायची. नवरा गॅरेजमध्ये मेकॅनिक. पहिल्यांदा मला पाहून म्हणाला, "हे काय, क्रिकेटचा स्कोअर लिहितेस?"

"हो. मी खेळते, तू नुसता बघतोस," ती म्हणाली.

एकदा ती तापाने झोपली होती तेव्हा त्यानेच माझ्यावर रेघ ओढली आणि शेजारी ग्रीसचा अख्खा अंगठा उमटवला. तो डाग अजून आहे. मला तो आवडतो. त्या घरात माझ्याकडे दोघांनी पाहिलं होतं, याचा तो पुरावा आहे.

पहिले तीन महिने सुतासारखे सरळ गेले. दुसरं इंजेक्शन घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मशीनवर तिच्या डोळ्यांपुढे अंधार आला, कारखाना गरगर फिरला आणि सुई तिच्या डाव्या हाताच्या बोटातून, नखासकट, आरपार गेली.

त्या संध्याकाळी बोटाला पट्टी बांधून ती माझ्यासमोर उभी राहिली. पेन्सिल हातात. डाग नाही, पाळी नाही. म्हणजे नियमाने आडवी रेघ. 'काहीच नाही.' तिने एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चौकटीत एक गोल काढला. जसं गरगरलं तसा गोल. आठवडाभरात आणखी तीन गोल आले.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कार्ड तपासायला दवाखान्यात जायचं असे. लांब बाक, वर बंद पडलेला पंखा, टोकाला सिस्टरचं टेबल. सिस्टरने गोल पाहिले आणि चष्मा वर केला.

"हे काय काढलंस?"

"चक्कर."

"चक्करला खूण नाहीये."

"मग एक करा की."

"मी कोण करणार? छापलंय तेवढंच भरायचं." सिस्टरने तिचा फॉर्म ओढला. "मोठी तक्रार आहे का? पडलीस? भरती झालीस?"

"बोटात सुई गेली."

"भरती नाही ना? मग नाही." आणि तिने लिहिलं, 'तक्रार नाही'.

हे सगळं बाकावरची शाळेतली शिपाईणबाई ऐकत होती. आवाज असा की घंटा बिघडली तर शाळा तिच्यावर सुटावी. तिने मान लांब करून मला पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई! मला वाटलं, माझं वय झालं म्हणून होतंय. जिन्यावर परवा कठडा धरला नसता तर खालीच होते." आणि तिथेच तिने आपल्या कार्डावर, आठवेल तेवढ्या दिवसांवर, गोल काढले. तिच्या शेजारणीने विचारलं, "कशाचे गं?" मग शेजारणीच्या शेजारणीने. कुणी शिकवलं नाही, कुणी मीटिंग घेतली नाही. दोन मंगळवारांत गोल त्या बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

मग वरून कागद आला. छापील खुणांखेरीज इतर खुणा खोडून घ्याव्यात. तसे न केल्यास कार्ड चुकीचे भरलेले समजावे व क्रमांक बंद करावा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सिस्टरने नवं कोरं रबर काढलं. त्याखाली पहिली मी आले. दोन गोल गेले. रबराने गुदगुल्या होत असतील असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा स्वतःच्या अंगावर फिरवून बघावं.

तिसऱ्या गोलावर काजवालीने मला खेचून घेतलं.

"सिस्टर, त्या दिवशी सुई माझ्या नखातून गेली. ते नखही खोडून देता का?"

"माझ्यावर का चिडतेस? मला वरून सांगितलंय. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"आणि माझ्या?"

सिस्टरचा आवाज खाली आला. "तुझ्याच भल्याचं सांगते. कार्ड चुकीचं ठरलं की नंबर बंद. इंजेक्शन बंद. दिवस गेले तर काय होईल हे तुला मी सांगायला हवं का?"

काजवालीने मला परत टेबलावर सरकवलं. त्यानंतरचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट. त्यात तिला दोनदा चक्कर आली. दोनदा ती दार उघडून उभी राहिली, पेन्सिल माझ्यावर टेकवली आणि काहीच न लिहिता दार लावलं. मला तिचा राग आला. भित्री कुठली, असं मी मनात म्हणालेसुद्धा. मग लक्षात आलं, की मला फार तर फाडतील. मरायचं झालं तर ती मरणार होती, आणि मागे दोन मुली राहणार होत्या. ज्याचं जळतं त्याला कळतं. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या तपासणीच्या मंगळवारी ती बाकावर बसली आणि पिशवीतून कारखान्यातलं पेन काढलं. कापडावर खूण करायचं, दहा धुण्यांतही न जाणारं काळं पेन. खोडलेल्या गोलांचे वळ माझ्या अंगावर होतेच. त्या वळांवरून तिने पेन फिरवलं. मग गेल्या महिन्यातल्या दोन कोऱ्या चौकटी भरल्या. एक गोल जरा वाकडा झालाय. पण तो आहे.

शिपाईणबाईने हात पुढे केला. "आण इकडे. आता खोडून दाखवा म्हणावं." पेन बाकाच्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं. सिस्टर सगळं बघत होती. तिने रबर खणात टाकलं, खण बंद केला आणि म्हणाली, "मला काही दिसलं नाही. पुढची कोण?"

वरच्या मजल्यावर आमची कार्डं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणारी एक मुलगी होती. तिला सगळे आकडेवाली म्हणत. दहा महिन्यांनी आमचा गठ्ठा तिच्या टेबलावर गेला. गोल असलेलं कार्ड बाजूला ठेवायचं, असा तिला हुकूम होता. ती बाजूला ठेवत गेली, आणि बाजूचा ढीग वाढत गेला. एकशे त्रेसष्ट. तिने काम थांबवलं, सगळे गोल कुठल्या दिवशी आहेत ते पाहिलं आणि मला हातात घेऊन खाली मंगळवारच्या बाकाशी आली.

"हा गोल म्हणजे काय, मला कुणी सांगेल का?"

आठजणी एकदम बोलल्या. इतक्या महिन्यांत त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं. तिने सगळ्यांचं ऐकलं, शेवटी ग्रीसच्या डागावर बोट ठेवून विचारलं, "आणि हा?"

"तो आमचा नवरा," काजवाली म्हणाली, आणि अख्खा बाक हसला.

तिथून ती मला घेऊन थेट सरांच्या खोलीत गेली. सर म्हणाले, "ही चुकीची भरलेली कार्डं आहेत. नियम सगळ्यांना समजावला होता."

"सर, एकशे त्रेसष्ट बायका एकच चूक करतील? तीही इंजेक्शननंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच?"

सर खुर्चीत मागे टेकले. ते वाईट माणूस नाहीत, म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड. "हे बघ, हे औषध लवकर हाती आलं तर हजारो बायकांचे जीव वाचतील. एवढ्याशा चकरेसाठी वर्ष घालवायचं?"

"वाचवा ना, सर. पण त्यांना सांगून वाचवा. ही बाई सुईखाली हात घालून बसते."

सरांनी मला उचललं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं ते तेव्हाच, छापून आल्यापासून पहिल्यांदा. एका काळ्या गोलावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ढीग ठेवून जा."

गोल मोजले गेले. इंजेक्शन वाईट नव्हतं, मात्रा जास्त होती. ती कमी करून अभ्यास पुन्हा मांडायचं ठरलं. बाकावर कुणी पेढे वाटले नाहीत, कारण नियम तो नियम. न पुसणारं पेन ज्या कार्डावर पहिल्यांदा चाललं त्याचा क्रमांक बंद झाला. माझ्या पाठीवर जांभळा शिक्का बसला. माझ्या शेवटच्या दोन ओळी कोऱ्या आहेत त्या म्हणून.

सिस्टरने हे काजवालीला सांगितलं तेव्हा ती बाकावरून उठलीच नाही. "मग आता मी काय करू?" एवढंच म्हणाली. खरं बोलल्याची ती शिक्षा होती आणि तिला ती आधीच ठाऊक होती, तरी शिक्षा ती शिक्षाच.

सिस्टरने माझ्यावरच्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. "हा कुठे असतो दिवसभर?"

"गॅरेजात."

"त्याचं ऑपरेशन दहा-पंधरा मिनिटांचं असतं. त्याच्या अंगात रक्त आहे ना भरपूर? पाठव इकडे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतकी वर्षं, इतक्या डॉक्टरांनी, गोळी, तांबी, सुई सगळं काजवालीलाच विचारलं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि तो? ऐकल्यावर म्हणाला, "एवढंच? मग आधी का नाही बोललात?" शुक्रवारी जाऊन आला. पुढचे तीन महिने जपायला सांगितलं होतं, मग तपासणी करून मोकळं. ते तीन महिने त्याने स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर मोजले, ग्रीसच्या अंगठ्यासकट. शिपाईणबाईनेच ही बातमी बाकावर आणली.

मी आता आकडेवालीच्या टेबलाच्या काचेखाली आहे. बाकीची भावंडं खोक्यात गेली. खोक्यावर लिहिलंय, 'मुदत संपल्यावर नष्ट करावे'. मलाही त्यातच जायचंय. तारीख पुढच्या महिन्यातली आहे.

नवी कार्डं आली आहेत, हिरवी. त्यांच्या पाठीवर चार खुणा छापल्यात. ठिपका, फुली, रेघ, आणि 'चक्कर आल्यास गोल'. तो गोल कुणी आणला, हे कुठेही लिहिलेलं नाही. सरांच्या लेखात तर तो आपोआप उगवल्यासारखा दिसतो. असू दे.

काल आकडेवालीने एक हिरवं कार्ड माझ्यावरच्या काचेवर पालथं ठेवलं. आम्ही दोघी समोरासमोर आलो. तिच्या तिसऱ्या ओळीत, नवव्या चौकटीत, छापलेल्या चारांपैकी एकही खूण नव्हती. तिथे पेन्सिलने नव्हे, काळ्या, न पुसणाऱ्या पेनाने एक त्रिकोण काढलेला होता.

आता मला खुशाल फाडा. मी रडणार नाही, विनवणार नाही आणि शिक्काही मान्य करणार नाही. फक्त फाडणाऱ्याने आधी जिना उतरून खाली बाकाशी जावं आणि विचारून यावं, त्रिकोण म्हणजे काय.