जोडीचं काम

धाकट्या भावाला, टॉर्मोडला, उचलून ग्लासगोला न्यायचंच असं ठरवून एफी बुधवारच्या बोटीनं लुईस बेटावर, पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या गावी आली. हिवाळ्यात त्याची बायको किर्स्टी गेली, तेव्हापासून तो पत्रांना उत्तरं देत नव्हता, आणि एफीलाही आता त्याच्यावाचून कुणी उरलं नव्हतं. शनिवारच्या बोटीची दोन तिकिटं तिनं आधीच काढून ठेवली होती, कारण विचारत बसलं की माणूस नाही म्हणतो, असा तिचा आयुष्यभराचा अनुभव.

घर तिला वाटलं होतं त्यापेक्षा नीटनेटकं होतं. टॉर्मोडनं हेरिंग मासे आणि उकडलेले बटाटे वाढले, हवापाण्याचं बोलला. निघायचा विषय काढला की मात्र "मातीचं तेवढं आटपू दे" म्हणून गप्प होई. मे महिना होता. चुलीत जाळायची काळी माती गावातला जो तो याच दिवसांत कापून वाळत घालतो, तेव्हा एफीला त्यात काही वावगं दिसलं नाही.

वावगं दिसलं ते दुसऱ्या दिवशी, गावामागच्या माळावर गेल्यावर. हे काम जोडीचं. एकानं वर उभं राहून लांब दांड्याच्या पात्यानं ओली वडी कापायची, दुसऱ्यानं खाली चरात उभं राहून ती झेलायची आणि पलीकडे गवतावर फेकायची. एकट्या माणसाची माती चराच्या काठाशीच ढिगानं पडून राहते. टॉर्मोडच्या वड्या पार लांबवर, एकीला एक लागून, ओळीनं पसरलेल्या होत्या.

परतताना शेजारीण मर्डीना भेटली.

"बरं झालं बाई, आलीस ते. आठवडाभर बघतेय, चरात नुसती वाकून राबतेयस. हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाहीस! शहरात राहून एवढी शिष्ट झालीस होय गं?"

"मी काल आले, मर्डीना."

मर्डीना हसायची थांबली. मग तिला एकदम घरची कामं आठवली.

एफी घाबरली, पण भीतीपेक्षा तिला रडूच जास्त आलं. शुक्रवारी ती भावाबरोबर माळावर गेली आणि स्वतःच चरात उतरली. अजून जिवंत माणसाचे हात आहेत तुझ्यासाठी, एवढंच तिला त्याला दाखवायचं होतं. वड्या जड होत्या, थंडगार होत्या. पंधरा-वीस झेलल्यावर तिचे खांदे भरून आले, तरी ती फेकत राहिली.

"उद्या चल रे माझ्याबरोबर," ती खालून म्हणाली. "एवढं एक ऐक माझं."

"मी गेलो तर ती एकटी काय करील इथं?"

"टॉर्मोड, ती नाही आता."

त्यानं तिच्याकडे फार मायेनं पाहिलं.

"दमलीस तू, एफी. जरा बाजूला सरक. तिला जागा दे."

एफीला त्याला हलवून हलवून सांगायचं होतं, ओरडायचं होतं. पण किती महिन्यांनी त्याचा चेहरा असा निवांत दिसत होता. ती सरकली.

पातं मातीत गेलं, वडी सुटली. ती एफीच्या हातांत आली नाही, आणि खाली पडल्याचाही आवाज झाला नाही.