गादीशिवायची उडी

शुक्रवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. तालमीची खोली, पहिला मजला. सहा फूट उंच लाकडी चौथरा, खाली उघडी फरशी. मी तिथं नव्हते.

मी एक निळी गादी. रेक्झिनचं अंग, पोटात फोम. एका शाळेत अकरा वर्षं पोरांच्या कोलांट्या झेलल्या आणि भंगारात निघाले. तिथून या नाटकवाल्यांनी मला आणलं.

यांचं नाटक असं, की निम्मे नाचणारे, निम्मे बोलणारे आणि लेखक कुणीच नाही. उठून, पडून, धडपडून प्रसंग रचायचे आणि वहीत उतरवायचे. कुणाला सुचलं ते मात्र लिहायचं नाही. 'कल्पना माझी' म्हणणाऱ्यानं वीस बैठका काढायच्या, असा नियमच होता.

भिंगरी नाचणाऱ्यांतली. चौथऱ्यावरून ती पाठमोरी पडायची. ती मनात आकडे मोजायची; आठ झाले की तोल सोडायची. झेलणारे होते बोलणारे. त्यांच्यातला जाड आवाजाचा खर्जदादा 'ये' म्हणाला की ते हात पुढं करायचे. आकडा आणि शब्द जुळला नाही, तर खाली मी होतेच.

"दादा, तुमचा 'ये' आज जेवून आला का?" माझ्यावर आडवी पडून ती विचारायची.

"अगं, भावना दाटली की थांबावं लागतं."

"मग भावनेला सांगा, मी हवेत आहे!"

प्रयोगाला सहा दिवस उरले होते. त्या शुक्रवारी दिग्दर्शिकेसकट नाटकातले सातही जण बाहेरच्या बाकावर चहा प्यायले. आत आले ते ठरवूनच. गादी डोळ्यांत खुपते म्हणे. भरवसा हाच नाटकाचा विषय, मग गादी कशाला? मला उचलायला चार हात लागतात. दोन खर्जदादाचे होते, दोन भिंगरीचे. तळमजल्यावरच्या अडगळीत मला टेकवून तिनं थोपटलं. "आजी, आता आराम कर."

ती खोली तालमीच्या खोलीच्या बरोबर खाली आहे. छतावर धप्प झालं. 'ये' त्यानंतर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी मला परत वर नेलं. आता काय झेलू?

पंधरा दिवसांनी भिंगरीची आई आली. लेकीचे पाय हलत नाहीत, एवढंच सांगून माझ्या कडेला बसली.

"गादी काढा, असं आधी कोण म्हणालं?"

"काकू, सगळ्यांनी मिळून ठरवलं," दिग्दर्शिका म्हणाली. "तीही होतीच की."

"तिला विचारलं मी. म्हणते, आई, नाव घ्यायचं नाही, आमचा नियम आहे."

श्रेय वाटून घ्यायला काढलेला नियम. त्यात दोषही किती बेमालूम मुरला!

वहीत त्या दिवशीच्या पानावर दोनच शब्द आहेत : 'गादी काढली.' आईनं उरलेल्या सहाही जणांना एकेकट्याला गाठून विचारलं. बाकावर तो विषय पहिल्यांदा कुणी काढला, हे आजवर एकानंही सांगितलेलं नाही.