मागचे फूटरेस्ट

“इथं घाट संपला,” विमेवाल्यानं नकाशावर बोट आपटलं, “आणि हे वळण घेतलं की समोर एकदम समुद्र! संध्याकाळीच पोचायचं. सूर्य असा पाण्याला टेकलेला, आणि आपण...”

“सूनबाई, भांडं!” आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या.

सूर्य तिथंच बुडाला. पेंटरनं तोंडाजवळ नेलेलं बिस्किट परत बशीत ठेवलं. नवऱ्यानं नकाशाची घडी उगाचच सरळ केली. कित्येक रविवार हे असंच चाललं होतं. तिघांची सहल सगळ्यात रम्य ठिकाणी पोचली की सासूबाईंना लागायची. अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचे पाय गेले होते. कान शाबूत होते.

ती चहाची किटली ठेवून उठली.

हॉस्पिटलात तिला सगळे मावशी म्हणत. पुरुषांच्या वॉर्डात भांडी द्यायची, चादरी बदलायच्या, ओकारी पुसायची, यात तिची उमर गेली. पण तिनं कधी नाक मुरडलं नव्हतं. नव्यानं लागलेल्या पोरी तोंडाला रुमाल लावून बाहेर पळायच्या तेव्हा ती सांगायची, “घाण वाटू दे गं. हात थांबवू नको म्हणजे झालं.”

या रविवारच्या बैठकीची मात्र तिला शिसारी यायची. हेल्मेटं ओट्यावर, थेट दुधाशेजारी. आतल्या अस्तराला आठवडाभर न धुतलेल्या मोज्यांचा वास. पेंटर पाट्या रंगवून भरलेली नखं काडीनं कोरायचा आणि काडी तिच्या बशीच्या कडेला पुसायचा. विमेवाला बोलताना थुंकी उडवायचा आणि ती बरोबर नकाशातल्या समुद्रात पडायची. नवऱ्याची जुनी मोटारसायकल व्हरांड्यात उभी राहून फरशीवर काळं तेल गाळायची. पेशंटच्या नळीला निदान खाली पिशवी असते.

तरी ती सोसत होती, कारण तिलाही जायचं होतं.

लग्न ठरलं तेव्हा याच मोटारसायकलवर मागं बसवून त्यानं सांगितलं होतं, “तुला डोंगर चढवून नेतो, आणि उतरवून थेट समुद्रात पाय बुडवायला लावतो.” मग मुली झाल्या. वीजमीटर वाचायच्या नोकरीनं त्याला दारोदार हिंडवलं, गाडी पोत्याखाली गेली. मुली आपापल्या घरी गेल्या, तो निवृत्त झाला, गाडी पोत्याबाहेर आली. आणि एक दिवस जेवताजेवता तो म्हणाला, “सहलीच्या आठवड्याची रजा टाकून ठेव.”

तिनं टाकली. बाळंतपणं आणि मयतं सोडली तर एवढी सलग रजा तिनं कधी मागितली नव्हती. सासूबाईंजवळ राहायला वॉर्डातल्या एक निवृत्त मावशी तयार झाल्या होत्या. आणि कपाटात टॉवेलांच्या मागं तिनं जाड तळव्याचे बूट आणून ठेवले होते. ते फक्त सासूबाईंनी पाहिले होते. तळवा अंगठ्यानं दाबून त्यांनी निकाल दिला होता, “घसरायची नाहीस.”

आता भांड्यावर कापड टाकून ती व्हरांड्याच्या टोकाच्या संडासाकडे निघाली, आणि मोटारसायकलपाशी थबकली. सीटच्या मागच्या अर्ध्यावर एक पत्र्याची पेटी आवळून बसवली होती. खाली फरशीवर तिचं दुधाचं धाकटं पातेलं. त्यात रॉकेल, आणि रॉकेलमध्ये मागचे दोन्ही फूटरेस्ट मळ सोडत पडलेले.

आधी तिला पातेल्याचाच राग आला. मोठी गोष्ट डोक्यात शिरायला वेळ लागतो.

“अहो, हे काढलेत का?”

“लीडर म्हणाला,” नवरा आतूनच म्हणाला. लीडर म्हणजे विमेवाला. “मागं कोणी बसायचं नाही, तर ते लोखंड कशाला वागवायचं? धुऊन ठेवून देऊ.”

“मागं कोणी बसायचं नाही?”

आता तो दारात आला. तिच्या हातातल्या भांड्याकडे बघून दोन पावलं मागं सरकला. “अगं, तू कुठं येतेस? तुझी कंबर... आणि आईकडे कोण बघणार? म्हणून तर तुला रजा टाकायला लावली.”

“वहिनी, तुमच्यासाठी शंख आणतो!” पेंटर टेबलावरून ओरडला. “कानाला लावायचा, घरबसल्या समुद्र!”

विमेवाला खो खो हसला. नवराही हसला, पण नाक दाबून, म्हणून ते हसणं शेंबडासारखं आलं.

सासूबाईंजवळ राहायला तयार झालेल्या मावशींची गोष्ट तिच्या ओठावर आली होती. तिनं ती गिळली. भांडं घेऊन ती तशीच उभी राहिली, जरा जास्तच वेळ. शेवटी नवरा म्हणाला, “अगं, वास येतोय.”

“हो ना,” ती म्हणाली. “केव्हाचा येतोय.”

सासूबाईंना कुशीवर वळवून पुसताना तिनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून ऐकत होती.

“म्हणजे माझं निमित्त पुढं केलं होय मेल्यानं?”

“तुमच्यामुळं काही नाही. तुम्ही नसता तर त्यांनी मांजराचं निमित्त केलं असतं.”

“मग तू रजा कशाला वाया घालवतेस? जा की कामावर.”

“आणि तुमचं?”

“मला मुलगा आहे म्हणतात,” सासूबाई म्हणाल्या. “बघू तरी.”

दुसऱ्या दिवशी तिनं रजा रद्द केली. सिस्टरला नवल वाटलं. “मावशी, इतक्या वर्षांत एकदा मागितलीत, घ्या की!” ती म्हणाली, “घरी बसून भांडीच द्यायची, तर इथं काय वाईट? इथले पेशंट निदान लाजतात तरी.”

निघायच्या दिवशी सकाळी फाटकाशी दोन मोटारसायकली हॉर्न वाजवत उभ्या राहिल्या. नवरा नवं जाकीट घालून पेटी आवळत होता. ती गणवेशात, पायात ते जाड तळव्याचे बूट, हातात डबा घेऊन बाहेर आली.

“तू कुठं?”

“ड्युटीला.”

“आणि रजा?”

“रद्द केली.”

“अगं, पण आई?”

“भांडं!” आतून उत्तर आलं. म्हातारीची वेळ कधी चुकत नसे.

तो फाटकाकडे बघायला लागला. “लवकर आटप रे,” विमेवाला म्हणाला, “ऊन चढायच्या आत घाट गाठायचाय. नाहीतर राहा बाबा तू, आपल्याला काय.” पेंटरनं तर इंजिन बंदही केलं नाही. ज्या दोस्तांपायी त्यानं तिचे फूटरेस्ट काढले, त्यांनी त्याची वाट चहाच्या एका कपाएवढीही बघितली नाही. धूर तेवढा व्हरांड्यात मागं राहिला.

तिचीही बस होती. पण ती आत आली आणि जाकीट घातलेल्या नवऱ्याला पलंगापाशी उभं केलं.

“इकडून हात घाला. ओढायचं नाही, उचलायचं. अहो, आई आहे, पोतं नाही.”

त्याला उमासा आला. डोळ्यांतून पाणी आलं.

“नाकानं नाही, तोंडानं श्वास घ्या. घाण वाटू दे. हात थांबवू नका.”

“वर्षानुवर्षं खा खा खायला घातलं याला,” सासूबाई छताला म्हणाल्या, “आणि आता तोंड बघा कसं केलंय.”

संध्याकाळी ती परतली तेव्हा फिनेलचा वास कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आला होता. सासूबाईंची चादर उलटी घातलेली होती, पण कोरडी होती.

“दोनदा ओकला,” सासूबाईंनी हळूच अहवाल दिला.

“मग?”

“मग ते पण पुसलं त्यानंच. दुपारी माझ्याजवळ बसून जेवला थोडं.”

ती व्हरांड्यात आली. पेटी सीटवरून उतरवून भिंतीशी टेकवली होती. तिच्यावर अंथरुणाखालचं रबरी कापड वाळत होतं. नवरा गाडीपाशी उकिडवा बसला होता, हातात पाना. एक फूटरेस्ट चढला होता. दुसऱ्याचा बोल्ट सापडत नव्हता. पातेलं रिकामं करताना रॉकेलबरोबर गटारात गेला असावा. ते पातेलं तो राख लावून घासून बसला होता, एकदा नाही, बऱ्याचदा. तरी ती ते पुन्हा घरात घेणार नव्हती.

“एकच बसला,” तो वर न बघता म्हणाला. “दुसरा उद्या आणतो. कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ? आईचं सगळं आवरलंय.”

“हात धुतलेत का?”

त्यानं दोन्ही हात तिच्यासमोर धरले. साबणानं लाल झालेले. तिनं वाकून वास घेतला. वर फिनेल, त्याखाली साबण, आणि सगळ्यांत खाली तो वास, जो ती इतकी वर्षं रोज संध्याकाळी घरी घेऊन येत होती आणि जेवायला बसत होती.

“कितीदा धुतले. जात नाही गं.”

“जात नाही,” ती म्हणाली.

मग बुटाच्या टोकानं तिनं तो एकटा फूटरेस्ट खाली दाबून पाहिला. पक्का बसला होता.