गर्दी झाली की खाली पडणारा ग्राफ

शाळेतून आले, दप्तर भिरकावलं आणि बघते तर खारूताई पट्टा बांधून तयार! कमरेला नट आवळायचे पाने, खांद्यावर दोर, पायात ते जाड तळाचे बूट. खारूताई म्हणजे मावशीच्या ऑफिसातली टॉवरवर चढणारी बाई. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येतं, एरवी ती सगळ्यांची खारूताई.

"कुठे निघालीस?"

"पाण्याच्या टाकीवर. मोठी डिश उतरवायचीय."

"टाकीवरची? का पण?"

"मला कशाला विचारतेस? आत जा, जोरात जुंपलीय." आणि दोर सावरत ती जिना उतरलीसुद्धा.

मावशी आणि तिचे भागीदारकाका मिळून लोकांना बिनतारी नेट देतात. गच्चीगच्चीवर डिश बसवलेल्या, एकीचं तोंड दुसरीकडे, आणि नेट हवेतूनच या गच्चीवरून त्या गच्चीवर जातं. सगळ्यांत मोठी डिश उंच पाण्याच्या टाकीवर. टाकीखालची अख्खी वस्ती तिच्या जिवावर चालते. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबलं, गुंडाळलेल्या वायरींचा ढीग, आणि भिंतीवर भला मोठा पडदा. त्या पडद्यावर प्रत्येक टॉवरचा ग्राफ. कुठून किती नेट वाहतंय ते हिरव्या रेघेत दिसतं. आईची सुटी होईपर्यंत मी रोज तिथेच असते. गृहपाठ करायला. म्हणजे, असं ठरलेलं आहे.

आत खरंच जुंपली होती. काका पेनाच्या टोकानं पडद्यावर टकटक करत होते.

"हे बघ ताई, हे बघ! संध्याकाळ झाली की तुझा टाकीचा ग्राफ आडवा. रोज! तिकडे बाजारातले दुकानदार नेटच्या नावानं बोंबलताहेत, आणि आपली मोठी डिश तिकडे न्यायची सोडून टाकीवर कशाला? कबुतरांच्या सोयीसाठी?"

"अहो दादा, टाकीखालचे लोकही बोंबलताहेत की. संध्याकाळीच जास्त."

"त्यांच्या घरातली डबडी जुनाट झाली असतील. वर नेट रिकामं पडलंय आणि यांना मिळत नाही, असं कसं होईल? तूच म्हणतेस ना, माणूस थापा मारेल, ग्राफ मारणार नाही?"

मावशी नुसतीच वायर गुंडाळायला लागली. कारण हे वाक्य तिचंच. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते ती.

मी मात्र वही उघडलीच नाही. कारण मोठी डिश गेली की टाकीवर उरणार ती चिमुकली जुनी डिश, आणि तिच्यावर अख्खी वस्ती म्हणजे झालंच. त्यात टाकीखालच्या मास्तरीणबाई संध्याकाळी मुलांना नेटवरून गणित शिकवतात, त्यावरच त्यांचं घर चालतं. त्यांच्या तासाला आधीच चित्र गोठतं. डिश गेल्यावर तासच बंद. आणि मावशीनं त्यांना शब्द दिला होता, "बाई, मी बघते, तुम्ही काळजी करू नका." आता काय तोंडानं सांगणार होती ती?

मी खुर्ची ओढून थेट पडद्यासमोर बसले.

"टकळी, अभ्यास कर," काका म्हणाले. टकळी म्हणजे मी. हे नाव नवंच आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षकांना त्यांची चूक दाखवली आणि तरी जिवंत परतले, तेव्हापासून माझं तोंड बंदच होत नाही. त्याआधी मी हजेरीलासुद्धा कुजबुजायची.

"हाच अभ्यास आहे," मी म्हटलं.

ग्राफ बघितला. दुपारी रेघ लोळत असते. शाळा सुटल्या की चढायला लागते, चढते, चढते, छान जिन्यासारखी, आणि एका उंचीला पोचली की धप्पकन खाली! कुणी पायच ओढल्यासारखी. मग बराच वेळ तळाशी वळवळत राहते. आणि लोक झोपायला जातात त्या सुमाराला? पुन्हा टुणकन वर! बरोबर त्याच उंचीवर. आणि मग सावकाश उतरते.

"काका, लोक झोपायला गेले की नेट जास्त वापरतात का?"

"असतील घुबडं एकेक."

"आणि सगळी घुबडं रोज एकाच उंचीवरून उडी मारतात?"

मावशीनं मान वळवली. काका म्हणाले, "संध्याकाळी लोक फिरायला जातात, ताई. साधी गोष्ट आहे."

"मग जे फिरायला गेलेत ते फोन करून भांडतायत का?" मी म्हटलं. आणि मावशी हसली! दिवसभरात पहिल्यांदा हसली असावी.

मी आणखी जवळ सरकले. मला एवढं ठाऊक होतं, मावशीनंच कधीतरी शिकवलेलं, की टाकीवरच्या डिशला जोडलेली डबी वेग वगैरे काही सांगत नाही. तिच्यात फक्त एक आकडा असतो. नेट जाईल तसा तो वाढत राहतो. दर पाच मिनिटांनी ऑफिसातला कॉम्प्युटर तो आकडा वाचतो, मागचा आकडा त्यातून वजा करतो आणि ग्राफवर एक ठिपका ठेवतो. बस्स.

"मावशी, तो आकडा वाढत वाढत कुठपर्यंत जातो?"

"जातो की. भरला की पुन्हा शून्यापासून. ते कॉम्प्युटरला कळतं गं, तो जुळवून घेतो."

"आणि पाच मिनिटांत अख्खी फेरी मारून तो पुढे गेला तर?"

मावशी पडद्याकडे बोट दाखवायला गेली. तिचा हात हवेतच राहिला.

आणि मला आमचे खेळाचे सर दिसले! अगदी डोळ्यांसमोर! सर खुर्चीत बसून पेपर वाचतात आणि मध्येच मान वर करून बघतात, कोण कुठपर्यंत पळालं. त्या दिवशी मी जीव तोडून अख्ख्या मैदानाला फेरी मारली आणि सुरुवातीच्या रेषेच्या जरा पुढे आले, तेव्हा सरांनी मान वर केली. "काय गं, अजून इथेच? पाय उचल!"

"काका! मावशी! नेट कमी नाही वाहत, जास्त वाहतंय! इतकं जास्त, की आकडा एक फेरी पूर्ण करून पुन्हा रेषेशी येतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं हा हललाच नाही!" मी उभी राहून खोलीतच गोल पळून दाखवलं. वायरींचा एक गुंडाळा पायात अडकला, पण मुद्दा कळला असावा.

"काहीतरीच," काका म्हणाले. पण पेनाची टकटक थांबली होती.

मावशीनं कीबोर्ड ओढला. "थांबा, मी मोजणी बदलून बघते."

"नको!" मी ओरडले. "तू बदललंस आणि ग्राफ वर गेला, तर काका म्हणतील तूच चढवलास."

"म्हणणारच," काका म्हणाले.

"म्हणून काही बदलायचं नाही. आपण लोकांनाच नेट बंद करायला सांगायचं. माझं खरं असेल तर लोकांनी बंद केल्यावर ग्राफ वर जाईल."

"बंद केल्यावर वर?" काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आई तापात बरळणाऱ्या पोराकडे बघते. "बरं. गेला वर तर डिश तिथेच राहील. नाही गेला, तर खारूताई घेऊन आली समज."

खारूताई! मी फोन लावला. तिकडे वाऱ्याचा घोंघाट.

"खारूताई, पोचलीस का वर?"

"पोचले, पट्टा अडकवला, पहिला नट ढिला केला."

"थांब! दुसऱ्याला हात लावू नकोस!"

"अगं, मग मी इथे काय वाळवणासारखी लटकू?"

"दोन ठिपके! फक्त दोन ठिपके थांब!"

"हे पोरीचं ठिपक्यांत वेळ मोजायचं गणित मला कळत नाही," ती म्हणाली, पण थांबली.

मग मास्तरीणबाई. त्यांचा तास चालू होता, म्हणजे चालू असायला हवा होता. फोन उचलल्या उचलल्या म्हणाल्या, "तुझ्या मावशीला सांग, अर्धा तास झाला, फळ्यावरचा सामाईक विभाजक तिथेच गोठून बसलाय."

"बाई, तुम्ही तुमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांना नेट बंद करायला लावू शकाल? आत्ता?"

"आहे तेही बंद?"

"मोठी डिश वाचवायचीय, बाई. खाली यायला निघालीय ती."

बाईंनी फोन हातात तसाच धरून खिडकीतून जी हाक दिली, ती आमच्या टायरवाल्यालाही ऐकू गेली असेल. "ए समोरच्या! बघणं पुरे झालं! बंद कर! तुझ्या खालच्यालाही सांग! हो, मी सांगतेय म्हणून!" बाईंनी निम्म्या वस्तीला पाढे शिकवलेत. त्यांना नाही म्हणायची टाप कुणाची?

आम्ही तिघं पडद्याकडे बघत उभे. त्या वेळी रेघ तळाच्या थोडी वर होती. पुढचा ठिपका यायला वेळ होता. मी नखं खाल्ली. मावशीनंही खाल्ली, एरवी मला ओरडते. काका पेन उघडमीट करत होते.

ठिपका आला.

खाली. आणखी खाली! जवळजवळ शून्यावर!

"झालं!" काका खुर्चीत टेकले. "बंद केलं, खाली गेला. जगाची रीतच आहे ती, टकळे. ताई, सांग खारूताईला."

मावशीनं फोन हातात घेतला. आणि मी मनात मैदानावर पुन्हा पळाले. फेरी संपवून मी रेषेच्या जरा पुढे असते. आता मी थोडी कमी पळाले, तर? तर मी बरोबर रेषेवर असेन!

"काका, खालीच यायला हवा होता! वस्ती मध्येच बंद झाली ना? निम्मा वेळ सगळे चालू होते, निम्मा वेळ निम्मे! म्हणजे फेरी पुरी झाली, पण जेमतेम! पुढच्या ठिपक्याला फेरी पुरीच होणार नाही. मग बघा!"

"पुढच्या ठिपक्याला तू आणखी एक गोष्ट सांगशील."

"नाही सांगणार. शप्पथ. पुढचा ठिपका खाली आला तर मी गप्प बसेन."

"किती दिवस?"

"महिनाभर!"

"मग थांबूच," काका म्हणाले. "एवढं मोठं आमिष कोण सोडेल?"

खारूताईला मावशीनं फोनवर एवढंच सांगितलं, "धरून बस." तिकडून काय उत्तर आलं ते मी लिहिणार नाही.

तो दुसरा ठिपका. मी आयुष्यात कशाची इतकी वाट बघितली नव्हती, निकालाचीसुद्धा नाही. रस्त्यावर कुणी टायरमध्ये हवा भरत होतं, त्याचा फुस्स आवाज येत होता. पडदा एकदा लुकलुकला.

आणि रेघ उठली! शून्यावरून सरळ उभी, पडद्याच्या पार वरच्या भागात, रोज जिथून पडते त्याच्या किंचित खाली जाऊन टेकली!

मी किंचाळले. मावशी किंचाळली. खालून टायरवाला ओरडला, "काय झालं हो?"

काका उठले, पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा उतरवला. "निम्मी वस्ती बंद, आणि एवढं वाहतंय," ते हळूच म्हणाले. "म्हणजे सगळे चालू असताना..."

"भरभरून वाहतंय, काका! इतकं, की पुढे जागाच नाही! म्हणून तर बाईंचा फळा गोठतो!"

मावशी तोवर सेटिंगमध्ये घुसली होती. एकदम तिनं कपाळावर हात मारून घेतला. "माझाच गाढवपणा! मोठी डिश बसवली तेव्हा जुन्या छोट्या डिशचंच सेटिंग उचलून इथे चिकटवलं मी. तिला छोटा आकडा पुरायचा. डबीत मोठा आकडाही असतो, तो वाचायला सांगितलंच नाही. माझ्याच टाकीला मीच खोटं पाडत होते की!"

"आणि ग्राफ थापा मारत नाही म्हणे," काका म्हणाले. पण त्यांनी फोन स्वतःच उचलला. "खारूताई? ढिला केलास तो नट घट्ट कर. हो. पुन्हा घट्ट. नाही, चेष्टा नाही करत... अगं, ऐक तर... हो, चहा मी पाजतो. हो, बरोबर खायलाही."

मावशीनं मोठा आकडा लावला आणि खिडकीशी जाऊन बाईंना फोन केला. "चालू करायला सांगा सगळ्यांना. डिश कुठेही जात नाही. उलट तिथे आणखी एक लागणार आहे, आता माझ्याकडे पुरावा आहे." तिचा आवाज जरा ओला झाला होता. तिकडून बाईंचा आवाज मात्र खणखणीत, "चालू करा रे!"

पुढच्या ठिपक्यांना रेघ चढली, जुन्या उंचीला पोचली, आणि पडली नाही! तशीच वर गेली, इतकी वर की बाजूचे आकडे पडद्यानं आपणहून बदलले आणि सगळा ग्राफ नव्या मापात पुन्हा काढला. मावशीनं मला असं आवळलं की माझ्या वेणीचं रबर तुटलं.

"ते सगळं ठीक," काका म्हणाले. "पण बाजारातल्या दुकानदारांना मी काय सांगू? तिथे खरंच नेट पुरत नाही की तिथेही तुमच्या फेऱ्या आणि रेषा?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी तोवर बाजाराचा ग्राफ उघडला होता.

"काका, तुमची खुर्ची जरा सरकवता का?" मी म्हटलं. "मला नीट दिसत नाहीये."

त्यांनी सरकवली.