चार दिवस काम, तीन दिवस झाकण

गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असा मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो. कापड रंगवण्याच्या कारखान्यात, मागच्या लांब खोलीत, खिडकीपासून पहिला. माझ्या पोटात पाणी नाही की धान्य नाही. माझ्या पोटात नीळ आहे, आणि ती जिवंत आहे. तुम्हाला थट्टा वाटेल. पण ज्या माणसाला ती थट्टा वाटली होती, त्याचे काय झाले तेच आज सांगतो.

मला घडवले ते चाकावर नाही. एवढे मोठे धूड चाकावर बसणार कसे? चाक फिरत नाही तर कुंभाराने फिरायचे, असे म्हणून तो मातीच्या जाड वळ्या एकावर एक रचत, थापीने ठोकत माझ्याभोवती चार दिवस फिरत राहिला. मग दीड महिना मला सावलीत वाळवले. माझ्या जोडीला घडलेला एक रांजण कुणीतरी घाईने उन्हात काढला होता. तो दुपारपर्यंत उभा तडकला.

कारखान्यात आम्ही चार रांजण आलो. आम्हाला जमिनीत पुरले, आणि त्या खोलीतल्या मुख्य रंगारणीच्या ताब्यात दिले. तिला सगळे आक्का म्हणत. तिच्याहून वयाने मोठी माणसेसुद्धा. तिने माझ्या पोटात कोमट पाणी ओतले, कुटलेली नीळ घातली, चुना घातला, गव्हाचा कोंडा घातला, आणि दुधाला विरजण लावावे तसे दुसऱ्या गावच्या जुन्या रांजणातले तांब्याभर पाणी त्यात सोडले. मग झाकण ठेवले आणि ती निघून गेली.

अकराव्या दिवशी माझ्या पोटात काहीतरी जागे झाले. डोळ्यांना न दिसणारे जीव कोंडा खाऊ लागले, आणि एरवी पाण्यात कधीही न विरघळणारी नीळ विरघळू लागली. वर तांब्यासारखी चकाकणारी साय आली, मध्ये जांभळ्या फेसाचे फूल उमलले, आणि खाली सगळे पाणी हिरवट पिवळे झाले. निळे नव्हे, हिरवट पिवळे! आक्काने पांढऱ्या कापडाची एक पट्टी त्यात बुडवली आणि अलगद वर काढली. पट्टी हिरवी होती. तिला वारा लागला, आणि कुणीही काही न करता ती कडेकडेने निळी होत गेली. त्यानंतर हे मी हजारो वेळा पाहिले. एकदाही सवय झाली नाही.

आक्काचा नेम होता: चार दिवस काम, तीन दिवस झाकण. कापड बुडवले की त्याच्यासोबत हवा आत जाते आणि त्या जिवांना धाप लागते. त्यांना दम खायला वेळ हवा. आम्हा चौघांच्या पाळ्या तिने अशा लावल्या होत्या की कुणीतरी विसावलेला असे आणि कुणीतरी कामावर. रोज सकाळी ती झाकण उचले, वास घेई, बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावी. कधी म्हणे, आज ह्याचं मन नाही. लगेच तिच्या हाताखालची सातही माणसे पुढच्या रांजणाकडे सरकत. थंडीच्या दिवसांत महिनाभर चौघांवरही झाकणे असत. तेव्हा काठ्या तासायच्या, दोऱ्या वळायच्या, भिंती सारवायच्या. एकदा एका पाहुण्याने विचारले की इथे हुकूम कुणाचा चालतो. माणसे एकमेकांकडे बघत राहिली. हुकूम असा कुणी दिलेला त्यांना आठवेना.

अशी वीस वर्षे गेली. मग कारखान्याच्या मालकीणबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि किल्ल्या त्यांच्या जावयाकडे आल्या. समोर सगळे त्यांना साहेब म्हणत आणि पाठीमागे जावईबापू. माणूस वाईट नव्हता हो. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, बोलणे गोड. कारखाना कसा चालवावा याचा एक वर्ग त्यांनी केला होता. तिथे त्यांना ताओचा विचार कळला होता. चीनमधला फार जुना विचार. ताओ म्हणजे वाट. सृष्टी आपल्या वाटेने चालते, तिच्यात भरणे असते आणि ओसरणेही असते. जो पुढारी ती वाट ओळखतो त्याला माणसांना ढकलावे लागत नाही. हे जावईबापूंना इतके पटले की त्यांनी कचेरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले: पाण्यासारखे व्हा. त्याच्याच खाली वर्षाच्या नियोजनाचा तक्ता लटकवला. कामाचे दिवस हिरवे, रिकामे दिवस लाल. माझ्या विसाव्याचे तीन दिवस तिथे लाल होते. कचेरीचे दार माझ्यासमोरच उघडते, म्हणून भिंतीवरच्या त्या दोन्ही गोष्टी मला एकदम दिसत. मित्रांनो, त्यांना मात्र एका वेळी एकच दिसे.

तेवढ्यात एका नव्या नाट्यगृहाचे काम आले. रंगमंचाचा पडदा, दोन मजले उंच, इतका गडद निळा की दिवे मालवल्यावर तो कुठे संपतो ते कळू नये. तसा रंग यायला कापड बारा वेळा बुडवावे लागते आणि बारा वेळा वाऱ्यावर धरावे लागते. उद्‍घाटनाची तारीख छापून झाली होती. जावईबापूंनी तक्त्यावरचे सगळे लाल दिवस हिरवे केले.

आक्का कचेरीच्या दारात जाऊन उभी राहिली. "साहेब, तो रांजण आहे, नळ नाही," ती म्हणाली. "फिरवला की आलं, असं नसतं त्याचं."

त्यांना ती थट्टा वाटली. त्यांनी हसून तिला बसायला खुर्ची दिली, काळ बदलला की आपणही वाहत राहिले पाहिजे असे समजावले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला घड्या घालण्याच्या खोलीत पाठवले. आक्काने वाद घातला नाही. माझे झाकण नीट बसवले, हात पुसले आणि ती गेली.

मग झाकण उघडले ते उघडेच राहिले. दहाव्या दिवशी माझे फेसाचे फूल गेले. पंधराव्या दिवशी वास गेला. आतले जीव थकून तळाशी बसू लागले. मला ओरडता येत नाही. रांजणाचे दुखणे कापडावर उमटते. कापड फिकट निघू लागले, धुतले की रंग सुटू लागला. जावईबापूंनी चुना वाढवला. मग पाणी तापवायला विजेच्या सळ्या सोडल्या. मग ढवळायला यंत्र आणले. त्यांना वाटत होते, आपण औषध देतो आहोत. माझ्या तिन्ही भावंडांचे पाणी एकामागून एक स्वच्छ निळे झाले, आणि ते पाहून जावईबापू आधी आनंदले. निळीचा रांजण आतून निळा दिसला की तो गेला, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. सांगणारी घड्या घालत होती.

पडद्याचे अर्धे कापड डागाळलेले निघाले तेव्हा मालकीणबाई काठी टेकत आल्या. त्यांनी चारही रांजणांत डोकावले, आणि म्हणाल्या की पंधरा दिवसांत ही खोली कामाला लागली नाही तर रांजण मातीने भरून टाकू. पुढे यंत्रे आणि तयार रंग. त्याला दोन माणसे पुरतात. सात माणसे भिंतीला लागून उभी होती.

जावईबापू उठले आणि घड्यांच्या खोलीकडे गेले. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. परत आले तेव्हा पुढे आक्का होती आणि मागे ते. तिने सळ्या काढल्या, यंत्र काढले. मग ती माझ्या काठाशी पालथी पडली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तळाचा गाळ मुठीत वर काढून हुंगला. बराच वेळ हुंगला.

"आहे अजून," ती म्हणाली. "थोडं आहे."

तिने मूठभर कोंडा घातला, माझ्या गळ्याभोवती जुन्या गोधड्या गुंडाळल्या आणि झाकण ठेवले.

"किती दिवस लागतील?" जावईबापूंनी विचारले.

"ते आपल्या हातात नाही."

"मग मी काय करू?"

"हात लावू नका आणि लांब जाऊ नका," आक्का म्हणाली. "दोन्ही एकदम जमलं पाहिजे."

जावईबापू माझ्याशेजारी स्टूल टाकून बसले. पहिले तीन दिवस त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. उठायचे, झाकणापर्यंत हात न्यायचे, परत बसायचे. नाट्यगृहाला पत्र लिहिले की चूक माझी आहे, पडदा उशिरा येईल. तिकडून जे उत्तर आले ते वाचून त्यांचे कान लाल झाले. पाचव्या दिवसापासून ते शांत बसू लागले. आक्का सकाळी गोधडीखाली माझ्या गळ्याला हात लावून ऊब बघे. तेही बघायला शिकले. मग ते सात माणसांना बघू लागले. कुणाचा खांदा दुखतो, कोण आठवड्याच्या शेवटी चिडके होते, कुणाच्या हाताला सकाळी रंग चांगला चढतो. ही माणसे तक्त्यावर कुठेच नव्हती.

तेराव्या दिवशी दुपारी ते अचानक उभे राहिले. त्यांना वास आला होता. ओल्या पाल्याचा, जरा आंबूस, जड. त्यांनी झाकणाला हात लावला नाही. आक्काला हाक मारली. तिने झाकण उचलले. माझ्यावर तांब्याची साय धरली होती, आणि मध्ये बोराएवढे जांभळे फूल.

आक्काने पांढरी पट्टी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती बुडवली, श्वास रोखून वर काढली. हिरवी. मग वारा लागला. कडेला एक निळी रेघ उमटली, ती आत सरकत गेली, आणि बघता बघता त्यांच्या बोटांवरून ओघळणारे थेंबसुद्धा निळे झाले. आक्काने ढवळले नव्हते, त्यांनी ढकलले नव्हते, आणि खरे सांगतो, मीही काही केले नव्हते. मी फक्त पोकळ होतो आणि ऊब धरून होतो. माझ्या पोटात हे कोण करते ते इतक्या वर्षांत मलाही कळलेले नाही. जावईबापू पट्टी हातात धरून तसेच बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मालकीणबाईंनी पट्टी धुऊन पाहिली. रंग हलला नाही. त्यांनी मातीचा विषय पुन्हा काढला नाही. माझ्या विरजणावर तिन्ही रांजण पुन्हा लागले. पडदा तीन महिने उशिरा गेला; नाट्यगृहाचे उद्‍घाटन उसन्या पडद्यावर झाले. पण आमचा पडदा चढला त्या दिवशी सगळ्या माणसांना तिथे बोलावणे होते. आक्का येऊन सांगत होती की दिवे मंद झाले आणि भरलेले नाट्यगृह नाटक सुरू होण्याआधीच गप्प झाले. लोक नुसत्या पडद्याकडे बघत राहिले.

पुढचे नियोजन जावईबापूंनी आक्काशेजारी बसून केले. त्यात थंडीचा महिना मोकळा होता, माणसांच्या विसाव्याच्या पाळ्या होत्या, आणि कुठल्याही दिवसाला लाल रंग नव्हता. सगळे लगेच जमले असे समजू नका. एकदा त्यांनी सगळेच वाहू दिले आणि आठवडाभर कोंडा आणायचे कुणाच्या लक्षात राहिले नाही. तेव्हा आक्काने त्यांना चांगलेच फैलावर घेतले. हात काढून घ्यावा, लक्ष काढून घेऊ नये, असे तिचे म्हणणे होते.

आता आक्का थकून घरी बसली आहे. माझ्याही गळ्याला चीर गेली आहे. आता मी दोन दिवस काम करतो आणि पाच दिवस विसावतो. तक्त्यावर तसेच लिहिले आहे.

मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्याजवळचे कुणी कधी फिके पडेल, गप्प होईल. माणूस असेल, जनावर असेल, शेताचा तुकडा असेल. त्याला ढवळू नका. तो रिकामा बसला आहे असेही म्हणू नका. थोडे खायला घाला, ऊब धरा आणि जवळ बसा. आत काय चालले आहे ते दिसणार नाही. दिसत नसताना बसून राहणे फार अवघड असते, हे मी एका भल्या माणसाच्या तोंडावर तेरा दिवस पाहिले आहे.

माझे बोलून झाले. आज माझा विसाव्याचा दिवस आहे. जाताना झाकण तेवढे हळू ठेवा.