बाबूच्या होडीवरचं चित्र

"बाबूच्या होडीर काय काढतलात?" नर्मदेने नवऱ्याला विचारलं.

"रंग लावलो की कळतला," हरिश्चंद्र म्हणाला आणि त्याने हिरव्या रंगाचा डबा उघडला.

मुलाच्या नव्या होडीसमोर तो सकाळपासून बसून होता. देवबागात होड्या रंगवणारे आणखीही होते. ते फुलं काढत, नावं घालत. हरिश्चंद्राचं तसं नव्हतं. काय काढायचं हे त्याला आधी कधीच ठाऊक नसे. फळीवर तळवा फिरवायचा, हाताला लागेल तो रंग घ्यायचा आणि हात जाईल तिकडे जाऊ द्यायचा. मग कधी शिडं लावलेला जांभळा बैल निघे, कधी छत्री धरलेली सुरमई. लोक हसत, पण नारळी पौर्णिमेआधी आपली होडी त्याच्याकडेच आणत.

त्या दिवशी हिरव्यातून एक माणूस निघाला. पाण्याच्या तळाशी झोपलेला, अंगावर लाल-पिवळी फुलं, भोवती मासे. चेहरा बाबूचा आला. बाबूला चित्र फार आवडलं. "बापाशीन माका निजयल्यान," म्हणत त्याने ते सगळ्या वाडीला दाखवलं.

एकसष्ट सालच्या कार्तिकात एका दुपारी वारा फिरला. दुसऱ्या दिवशी होडी तारकर्लीच्या किनाऱ्याला लागली, उपडी. बाबू मिळालाच नाही.

तेराव्यानंतर वाडीतले बाप्ये हरिश्चंद्राच्या घरापुढच्या खळ्यात जमले. त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा दाजी म्हणाला, "हरी, तुझ्या मनात काय नव्हता, ह्या आमका ठावक आसा. पण आमच्याय घरात बाबूसारखे झील आसत. होड्यांवरची चित्रां तासून काढ. तुझ्याच हातान."

हरिश्चंद्र सहा दिवस तासत होता. होड्यांचे मालक शेजारी उभे राहून, सांध्यात राहिलेला रंगही बोटाने दाखवत होते. बैल गेला, सुरमई गेली. वर काळं डांबरही त्यालाच फासायला लावलं. बाबूची होडी मात्र त्यांनी वाळूतच जाळली. घरात बाबूचा फोटो नव्हता.

जाळ विझल्यावर नर्मदेने विचारलं, "तुमका आदी कळला होता?"

नाही म्हणणं सोपं होतं. "माका ठावक नाय," तो म्हणाला. "हात गेलो."

त्यानंतर महिनाभर ती त्याच्याशी बोलली नाही. मग एका दुपारी तिने कागद आणि रंग त्याच्या पुढ्यात ठेवले. "बाबूचा तोंड काढा. होता तसा. आनी काय नको."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने ठरवून काढायला घेतलं. हात ऐकेना. डोळ्यांच्या जागी शिंपल्या आल्या. दुसऱ्या कागदावर केसांचं शेवाळ झालं, तिसऱ्यावर गालांना कल्ले फुटले. ती प्रत्येक कागद नीट बघायची, चुलीत घालायची आणि त्याला भात वाढायची.

चौथा कागद तिने त्याला दिलाच नाही. अंगणात बसून तिने कोळसा हातात घेतला. रांगोळीपलीकडे तिने कधी रेघ ओढली नव्हती. एक गोल काढला, त्यात दोन डोळे, वाकडं नाक. मग बाहेर आलेले मोठे कान. कान काढायला तिला फार वेळ लागला.

"बाबू असोच होतो," हरिश्चंद्र म्हणाला.

समुद्राकडून वारा आला आणि कागद उचलला गेला. त्याने कोपरा धरायला हात पुढे केला.

"हात लावू नकात," नर्मदा म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. मग तो उठला आणि वारा अडेल असा, तिच्याकडे पाठ करून बसला.